नव्या खाऱ्या टाकीतलं पाणी रंग का बदलतं?

मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी नवी लावली की पहिल्या दीड-दोन महिन्यांत पाणी एकदा तरी रंग बदलतं. कधी दुधाळ होतं, कधी हिरवट, कधी पिवळसर. मालक घाबरतो, दुकानात फोन लावतो आणि एक बाटली घेऊन येतो. बाटली ओतली की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. ज्या आजारावर औषध ओतलं तो आजार टाकीत नव्हताच. एकट्या पांढऱ्या रंगाची चार कारणं असू शकतात, आणि त्यांतल्या एकाला नुसतं थांबणं पुरतं तर दुसऱ्याला त्याच रात्री जादा हवा द्यावी लागते. म्हणून रंग कशाचा आहे हे आधी शोधायचं, मगच हात ओले करायचे.

शोधायला महागडं काही लागत नाही. पंप आणि स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून मळ काढणारं यंत्र, दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा. तेवढ्यात पाणी निवळलं तर तो गढूळपणा नव्हता, बारीक बुडबुडे होते. नवा स्किमर सुरुवातीचे काही दिवस असे बुडबुडे सोडतोच, आणि पंपाच्या नळीत कुठे हवा शिरत असेल तरीही हेच होतं. पाणी तसंच राहिलं तर काचेचा स्वच्छ ग्लास टाकीत बुडवून भरा, पांढऱ्या कागदासमोर धरा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाला थर बसलेला आणि वरचं पाणी नितळ असेल तर आत मातीचे, वाळूचे किंवा चुन्याचे कण होते. थर नाही आणि धूसरपणा तसाच, तर ते जिवंत काहीतरी आहे, म्हणजे जिवाणू किंवा सूक्ष्म शेवाळ. आणि पाणी आरपार दिसतंय पण त्याला रंग आहे, तर तो रंग पाण्यात विरघळलेला आहे. विरघळलेला रंग कुठलाही स्पंज गाळू शकत नाही.

आता मुळापासून, म्हणजे पाणी कुठून आणलं तिथून. गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा, कारण आपल्याकडे पाण्याचे पर्याय भरपूर आणि त्यांतले बरेच टाकीसाठी कुचकामी.

पहिला मोह समुद्राचा. घरापासून पंधरा मिनिटांवर मिरामार किंवा कोलवा असताना मीठ विकत कशाला घ्यायचं? पण किनाऱ्यालगतचं पाणी म्हणजे खोल समुद्राचं पाणी नव्हे. जून ते सप्टेंबर मांडवी आणि जुवारी डोंगरातली लाल माती आणि प्रचंड गोडं पाणी घेऊन समुद्रात उतरतात. तेव्हा मिरामारला बादली भरली तर ती गढूळही असते आणि पुरेशी खारटही नसते. मार्च ते मे पाणी स्वच्छ दिसतं, पण याच दिवसांत गोव्याच्या समोर ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म जिवांचे तपकिरी-पिवळट पट्टे तरंगताना दिसतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून वाढतात, आणि बंद टाकीत मेले की तो सगळा नायट्रोजन अमोनिया होऊन तुमच्या गळ्यात. शिवाय शॅकांचं सांडपाणी आणि बोटींचं तेल आहेच. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी जागा समुद्राचं पाणी वापरते तेव्हा ते तपासायला लोक आणि उपकरणं असतात. आपल्याकडे बादली असते. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्यानं समुद्राचं पाणी वापरू नये.

दुसरा मोह मिठागराच्या मिठाचा. आगरवाड्याचं किंवा आगशीचं मीठ समुद्रातूनच आलंय, मग ते पाण्यात घातलं की पुन्हा समुद्र होणार, असं वाटणं साहजिक आहे. होत मात्र नाही. मिठागरात पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. आधी चुना बसतो. पाणी तीन-चार पट घट्ट झालं की जिप्सम बसतं. खाण्याच्या मिठाचे खडे त्यानंतर, पाणी दहा पटींच्या आसपास आटल्यावर तयार होतात, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं. म्हणजे आपण जे मीठ घरी आणतो त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुतेक वगळलेलं असतं. खऱ्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. माशांना, शिंपल्यांना, पाण्याचा पीएच टिकवायला हे सगळं लागतं. गावठी मिठात आगराच्या तळाची मातीही असते, ती टाकीत राखाडी धूसरपणा देते. बांगड्याला लावायला ते मीठ उत्तम आहे. टाकीसाठी मत्स्यालयाचं म्हणून विकलं जाणारं सागरी मीठ घ्या.

उरलं गोडं पाणी, ज्यात हे मीठ घालायचं. इथे विहीर आणि बोअरवेल फसवतात. आपली जमीन जांभ्याची, लोखंडानं भरलेली. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा तर खाणींचाच पट्टा. जमिनीखाली हवा कमी असल्यामुळे काही विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेल्या रूपात असतं, त्यामुळे काढताना पाणी काचेसारखं दिसतं. त्यात सागरी मीठ घातलं की पीएच आठच्या वर जातो, पंपानं हवा मिसळते, आणि काही मिनिटांत तेच लोह गंजासारखे लाल-तपकिरी कण होऊन बाहेर पडतं. लोक मिठाच्या पाकिटाला दोष देतात. खात्री करायची तर विहिरीचं पाणी मीठ न घालता पांढऱ्या बादलीत घ्या, त्यात एअरपंपची नळी सोडा आणि दुसऱ्या दिवशी बघा. तळाला तांबूस साय धरली असेल तर ते पाणी टाकीत घालायचं नाही.

नळाचं पाणी या बाबतीत बरं, पण त्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात पाणी ओपाच्या जलप्रकल्पातून येवो की अस्नोड्याच्या, नदीच गढूळ झालेली असते. शिवाय त्यातून सिलिकेट येतं, त्याची करामत पुढे सांगतो. सगळ्यात सुरक्षित म्हणजे आरओचं पाणी. त्यातही एक मेख आहे. घरातल्या पिण्याच्या आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळण्याची सोय असते, म्हणून विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर 50-60 दाखवतो. टाकीसाठी आकडा शून्याच्या जवळ हवा. तंत्रज्ञाला सांगून मिसळण्याचा तो भाग बंद करून घेता येतो, किंवा मशीनच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडता येते.

मीठ मिसळण्याच्या पद्धतीवरही पाण्याचा रंग ठरतो. आधी मीठ आणि वरून पाणी, असं कधीच करू नका. तळाशी काही क्षण क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून चुना बनतात आणि पाणी पांढरंफेक होतं. एकदा बसलेला हा चुना सहज परत विरघळत नाही. तेवढं कॅल्शियम आणि तेवढी क्षारता, म्हणजे पीएच टिकवायची पाण्याची ताकद, हातची गेली. गंमत म्हणजे साखर-मीठ गरम पाण्यात पटकन विरघळतात, चुन्याचं उलटं असतं, पाणी जितकं गरम तितका तो लवकर बाहेर पडतो. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी घेऊन मीठ कालवायला बसलात तर अडचण ओढवून घ्याल. पाणी आधी, पंप चालू, मग मीठ थोडं थोडं, पाकिटावरच्या प्रमाणात, म्हणजे सर्वसाधारणपणे लिटरला 35 ते 40 ग्रॅम. रात्रभर फिरू द्या, मग मोजा. खारटपणा हजारात 35 भाग किंवा विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आलं की झालं.

वाळूची धूळ हे पांढऱ्या रंगाचं सर्वांत निरुपद्रवी कारण. खाऱ्या टाकीत बहुतेक जण अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे चुन्याच्याच जातीची वाळू घालतात, आणि तिचं पीठ पिशवीतच असतं. कोरडी वाळू बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, टाकीत घालून वर ताटली ठेवायची आणि त्या ताटलीवर पाणी ओतायचं. तरीही धूसर झालंच तर फिल्टरमध्ये बारीक कापूस घाला आणि तो रोज बदला. दोन-तीन दिवसांत निवळतं. वाळूची धूळ आणि बाहेर पडलेला चुना यांतला फरक ग्लासात ओळखता येत नाही, दोन्हींचा थर व्हिनेगर टाकल्यावर फसफसतो. वेळेवरून ओळखा: वाळू हलवल्यावर आलं तर धूळ, मीठ किंवा कॅल्शियमचं द्रावण घातल्यावर आलं तर चुना. हीटरच्या नळीवर पांढरी पुटं चढत असतील तर चुनाच.

आता ज्याच्यामुळे मासे मरतात त्याकडे येऊ. टाकी लावून चार-आठ दिवस झालेत, पाणी काल ठीक होतं, आज तांदळाच्या धुवणासारखं दिसतंय, ग्लासात रात्रभर ठेवूनही निवळत नाही. हा जिवाणूंचा बहर. नव्या टाकीत खाद्याचे तुकडे, माशांची विष्ठा, दगडावर मेलेलं काहीबाही असं अन्न भरपूर असतं आणि ते खाणारी व्यवस्था अजून बसलेली नसते. मग सडकं खाणारे जिवाणू पाण्यातच वाढतात. त्यांतले काही अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. ते साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे फिल्टरच्या कापसातून आरामात आरपार जातात. याउलट अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जे कामाचे जिवाणू, ते संथ. दुप्पट व्हायला त्यांना अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो, आणि ते दगडाला, वाळूला, स्पंजला चिकटून राहतात. म्हणूनच नवी टाकी पक्की व्हायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

आपल्याकडे एक पद्धत लोकप्रिय आहे: बाजारातून आणलेलं कच्चं सुंगट, म्हणजे कोळंबी, टाकीत टाकायचं, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि कामाच्या जिवाणूंना अन्न मिळतं. पद्धत चुकीची नाही, पण शंभर लिटरच्या टाकीत अख्खं मोठं सुंगट टाकलं तर पाणी दुधाळ होणारच आणि घरभर वासही सुटणार. बोटाच्या पेराएवढा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टाका, म्हणजे अमोनिया पुरेसा वाढला की काढून घेता येतो. टाकी सुरू करायला डॅमसेल किंवा क्लाउनफिश सोडा असा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. त्या माशाला आठवडेच्या आठवडे विषात ठेवायचं काही कारण नाही.

बहर आलाय आणि टाकीत मासे नाहीत, तर करायचं काय? काहीच नाही. खरंच. अन्न संपलं की बहर आपसूक ओसरतो, बहुतेक वेळा आठवडाभरात. याच वेळी लोक सगळं पाणी उपसून नवं भरतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून घेतात, आणि क्लोरीनमुळे जे थोडे कामाचे जिवाणू बसले होते तेही जातात. मग पुन्हा पहिल्यापासून.

मासे असतील तर मात्र दोन गोष्टी त्याच दिवशी बघायच्या: अमोनिया आणि हवा. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो आणि अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर झपाट्यानं वाढतो. अमोनिया मोजायच्या किटवर दिसणारा तोच आकडा पीएच 7 च्या गोड्या टाकीपेक्षा इथे दहा पटींहून अधिक घातक ठरू शकतो, आणि पाणी उबदार असेल तर आणखी. किटनं लिटरमागे 0.25 मिलिग्रॅम दाखवलं की खाद्य बंद करा आणि चतुर्थांश पाणी बदला. नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुन्याशी जुळवून घ्या. नायट्राइटला मात्र इतकं घाबरायचं कारण नाही. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड माशाच्या कल्ल्यांतून नायट्राइटला सहज आत जाऊ देत नाही. गोड्या पाण्यातले मासे पाळलेली माणसं इथे उगाच घाबरतात.

हवेचं गणित आपल्या हवामानात तंगच असतं. 25 अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 6.7 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 31 अंशांना 6.1. गोड्या पाण्यात 25 अंशांना सव्वाआठ मावतो. म्हणजे मुळातच शिल्लक कमी, त्यात दुधाळ पाण्यातले जिवाणू तोच ऑक्सिजन ओढतात. हेच मोठ्या प्रमाणावर कांदोळीसमोरच्या समुद्रात घडतं: पावसाळा संपता संपता तळाच्या पाण्यात कुजणारा माल इतका जमतो की जिवाणू तिथला ऑक्सिजन जवळजवळ संपवून टाकतात. टाकीत ही वेळ पहाटे येते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर अमोनियाची किट शोधत बसू नका, आधी एअरपंप लावा, पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, टाकीवरचं झाकण काढा. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं. मग पाणी उडतं, त्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानं घालायची, खाऱ्या नव्हे, कारण मीठ उडत नाही.

बाकीचे रंग लवकर आटोपतात. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळ, आणि त्याला लागतो प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट. टाकी खिडकीजवळ असेल तर हलवा किंवा जाड पडदा लावा, दिवे सहा-सात तासांवर आणा, खाद्य कमी करा. प्रवाळ नसलेल्या टाकीत तीन दिवस पूर्ण अंधार चालतो, मात्र त्या काळात हवा चालू ठेवा, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पुन्हा ऑक्सिजन खातं. यूव्हीचा दिवा हिरव्या पाण्यावर फार चांगला चालतो, पण खाद्याचा हात सैल असेल तर दिवा काढल्यावर रंग परत येतो.

पिवळट पण आरपार दिसणारं पाणी म्हणजे विरघळलेला सेंद्रिय मळ. महिना-दोन महिन्यांच्या टाकीत तो हळूहळू साचतो. डोळ्यांना सवय होते म्हणून लक्षात येत नाही. पांढऱ्या कपात टाकीचं आणि आरओचं पाणी शेजारी ठेवलं की कळतं. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आरओच्या पाण्यात नीट धुऊन जाळीतून ठेवला की दोन दिवसांत फरक दिसतो. न धुता टाकला तर काळी पूड पसरते आणि एक नवा रंग सुरू होतो. लाकडाचा ओंडका किंवा बदामाची पानं घातली असतील तर काढून टाका, ती गोड्या पाण्याची सजावट आहे.

दोन-चार आठवड्यांनी वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर चढतो तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. पाणी खरं तर स्वच्छच असतं, पण टाकी मळकी दिसते. यांचं कवच सिलिकाचं असतं, आणि नळाच्या पाण्यातलं ते सिलिकेट इथे कामाला येतं. ते संपलं की थरही जातो. काच पुसा, वरून पाणी घालताना आरओचंच घाला, एवढं पुरे. जांभळट-लाल, बुळबुळीत, चादरीसारखा सोलून निघणारा थर वेगळा, तो सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारखे प्रकाशावर वाढणारे जिवाणू. तिथे पाण्याचा प्रवाह कमी पडतोय आणि खाद्य जास्त होतंय असं समजा. नळीनं ओढून काढा आणि पंपाची दिशा बदला.

दुकानातल्या निळ्या बाटलीबद्दल एक शब्द. ते मिथिलीन ब्लू असतं. मुख्य टाकीत ओतलं तर कामाच्या जिवाणूंना मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. आजारी माशासाठी वापरायचं असेल तर वेगळ्या बादलीत. तांब्याची औषधंही तशीच, कोळंबी-शिंपले असलेल्या टाकीत ती चालत नाहीत.

सजावटीसाठी किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत टाकायची हौस असेल तर ती आवरा. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच्या भोकांत मेलेलं जे काही असतं त्यानं पाणी दुधाळ होतं ते वेगळंच.

शेवटचं कारण खास जून-जुलैचं. झाड तारांवर पडतं, लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. फिल्टर तासन्‌तास बंद राहिला की आतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि तिथले जिवाणू मरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअरपंप पावसाळ्याआधी आणून ठेवा; तो नसेल तर मगानं टाकीतलंच पाणी उंचावरून परत ओता, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. आणि लाईट आल्यावर बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तसाच चालू करू नका. तो उघडा, आतलं पाणी बादलीत ओता, सडक्या अंड्याचा वास येतोय का बघा. स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलकेच बुचकळा, मग जोडा, आणि त्या रात्री माशांना खाद्य देऊ नका.